वाक्यातले समीकरण स्लाइडवर जागा सोडते तेव्हा

सोलापुरातील एका संस्थेत, यंत्रमागाच्या घरांतून आलेल्या मुलांसाठी भरणाऱ्या अल्पमुदतीच्या वर्गात मी कापडाच्या रचनेचे गणित शिकवतो. तेथील एका स्लाइडवर ताण्याचा (कापडातील उभ्या धाग्यांचा) कव्हर फॅक्टर, म्हणजे धाग्यांनी कापड किती झाकले जाते याचे माप, कसे काढायचे हे सांगणारे एकच लांबलचक वाक्य होते: इंचातील धाग्यांच्या संख्येला सुताच्या काउंटच्या (बारीकपणाच्या आकड्याच्या) वर्गमुळाने भागायचे, त्याचे सूत्र अमुक, आणि ४० धागे व १६ काउंट असेल तर उत्तर १०. घरच्या संगणकावर वाक्य आणि सूत्र एका ओळीत चोख बसले होते. वर्गातल्या संगणकावर तीच फाइल उघडली तेव्हा ओळ एक शब्द आधीच तुटली, पुढचा सगळा मजकूर सरकला, सूत्र मात्र होते तिथेच राहिले आणि ‘१६ काउंट’ हे दोन शब्द त्याच्याखाली गडप झाले. सूत्रासाठी राखलेली मोकळी जागा वरच्या ओळीच्या शेवटी तशीच रिकामी दिसत होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, काउंट किती धरायचा?’’

ही तक्रार एकट्या माझी नाही. गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा लेखाकर्म शिकवणारे जे जे शिक्षक मराठीत स्लाइड करतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती वर्षातून एकदा तरी भोगावी लागते. आणि प्रत्येक वेळी सूत्र माउसने ओढून पुन्हा जागेवर बसवणे हाच उपाय केला जातो. तो उपाय त्या संगणकापुरता, त्या दुपारपुरताच टिकतो. दुखणे जागेचे नसून जोडणीचे आहे: सूत्र वाक्यात लिहिलेले नसते, ते वाक्यावर ठेवलेले असते.

तपासणी अर्ध्या मिनिटाची

आपल्या स्लाइडवरील सूत्र वाक्याचा भाग आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही, कारण दोन्ही प्रकार दिसायला सारखेच असतात. त्यासाठी वाक्याच्या अगदी सुरुवातीला कर्सर नेऊन ‘समजा’ किंवा असाच एखादा शब्द टाइप करून पाहावा. मजकुराबरोबर सूत्रही उजवीकडे सरकले, तर ते वाक्यातच आहे आणि आपला प्रश्न वेगळा आहे; तो पुढे घेतला आहे. शब्द सरकले आणि सूत्र ढिम्म राहिले, तर ते स्वतंत्र चौकटीत किंवा चित्राच्या रूपात तरंगते आहे. तपासणी झाल्यावर कंट्रोल आणि झेड दाबून तो जादा शब्द काढून टाकावा. एका स्लाइडवर तीन सूत्रे असतील तर तिन्हींची तपासणी करावी; दोन वाक्यात आणि एक तरंगते अशी मिसळ मी माझ्याच फाइलमध्ये पाहिली आहे.

सूत्र तरंगते कशामुळे होते, याची कारणे मुख्यतः दोन आहेत. पहिले म्हणजे घाई. पॉवरपॉइंटमध्ये कर्सर मजकुराच्या आत लुकलुकत नसताना ‘इन्सर्ट’ टॅबवरून ‘इक्वेशन’ दाबले, तर प्रोग्रॅम सूत्रासाठी स्वतःहून नवी टेक्स्ट बॉक्स तयार करतो. मग ती बॉक्स ओढून वाक्यातल्या मोकळ्या जागेवर बसवली जाते, आणि ती मोकळी जागाही स्पेसबार दहा-बारा वेळा दाबून केलेली असते. दुसरे कारण जुन्या फाइलींचा वारसा. वाक्याच्या आत समीकरण लिहिण्याची सोय वर्डमध्ये २००७च्या आवृत्तीपासून होती, पॉवरपॉइंटमध्ये ती २०१०पासून आली. त्याआधी पॉवरपॉइंटमध्ये सूत्र लिहायचे तर ‘इक्वेशन एडिटर ३.०’ वापरावा लागे, आणि त्याचे सूत्र ही नेहमीच वेगळी वस्तू असे. वाक्यात बसवण्याचा मार्गच तेव्हा नव्हता. वर्षानुवर्षे एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरलेल्या स्लाइडमध्ये अशी सूत्रे आजही सापडतात. त्यांवर दोनदा क्लिक केले तर संपादक उघडत नाही, कारण तो घटक २०१८च्या जानेवारीतील अपडेटने सुरक्षेच्या कारणावरून काढून टाकण्यात आला. अशी सूत्रे दुरुस्त करण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये, ती नव्याने लिहावीत. साधे सूत्र पुन्हा लिहायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

मराठी स्लाइडवरच हे जास्त का होते

इंग्रजी स्लाइड बनवणाऱ्या सहकाऱ्यांना ही अडचण आपल्यापेक्षा कमी येते, याचे कारण फॉन्टमध्ये आहे. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांवर मराठी मजकूर बहुधा ‘मंगल’ या फॉन्टमध्ये लिहिला जात असे. विंडोज १०पासून मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट मूळ संचातून काढून देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात ठेवले गेले, जो हवा असल्यास वेगळा बसवून घ्यावा लागतो. मूळ संचात राहिला तो ‘निर्मला यूआय’. त्यामुळे घरी मंगलमध्ये केलेली स्लाइड सभागृहातल्या ज्या संगणकावर पूरक संच बसवलेला नाही, तिथे दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडते. अक्षरांची रुंदी बदलते, ओळ दुसरीकडे तुटते आणि शब्द हलतात. तरंगणाऱ्या सूत्राला यातले काहीच कळत नाही, कारण त्याची जागा स्लाइडच्या कडेपासून मोजलेली असते, शेजारच्या शब्दापासून नव्हे.

युनिकोडपूर्व काळातील ‘शिवाजी’सारख्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या स्लाइडची गत आणखी वाईट होते, कारण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते आणि तिच्यामध्ये सूत्र तेवढे शाबूत राहते. अशा स्लाइडचा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा आणि मगच सूत्राकडे वळावे. उलट क्रमाने गेल्यास सगळे काम दोनदा करावे लागते.

मजकुराची स्वयंचलित घट हे आणखी एक कारण. चौकटीत मजकूर मावेना झाला की पॉवरपॉइंट अक्षरांचा आकार आपोआप लहान करतो. वाक्यातले सूत्र त्याबरोबर लहान होते, तरंगते सूत्र होत नाही. मग वीसच्या मजकुरावर अठ्ठावीसचे सूत्र बसलेले दिसते. बारशाच्या पाळण्यात नवरदेव बसवल्यासारखे.

उपाय

तरंगते सूत्र निवडून डिलीट करावे. त्याच्यासाठी स्पेसबारने केलेली जागाही काढून टाकावी आणि दोन शब्दांमध्ये नेहमीसारखी एकच स्पेस ठेवावी. आता कर्सर त्या स्पेसच्या पुढे, म्हणजे वाक्यात जिथे सूत्र हवे तिथे, आणून ठेवावा आणि तो लुकलुकतो आहे याची खात्री करून घ्यावी. टेक्स्ट बॉक्सची कड निवडली जाणे आणि कर्सर आत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक बहुतेक वेळा इथेच होते.

यानंतर कीबोर्ड इंग्रजीवर आणावा, विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून. ही पायरी सूचनांमध्ये सहसा लिहिलेली नसते, पण मराठी टाइप करणाऱ्यांचे निम्मे अडणे हिच्यापाशीच असते. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट आणि ६ दाबले की घातांकासाठी लागणारे टोपीचे चिन्ह न येता ‘त्र’ उमटतो. पायाशी अंक लिहिण्यासाठी लागणारी अधोरेघ दाबायला गेले की विसर्ग येतो. आणि बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर ‘ृ’ बसलेला आहे. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा कीबोर्ड बिघडला असे समजून तो उलटा करून झटकला होता. त्यातून शेंगा चटणीचा बराच ऐवज निघाला, पण टोपीचे चिन्ह काही आले नाही.

कीबोर्ड इंग्रजीवर आल्यावर आल्ट आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबावे. वाक्याच्या आतच समीकरणाची छोटी जागा उघडते. तिच्यात सूत्र सरळ टाइप करत जाता येते, चिन्हांच्या पट्ट्या धुंडाळण्याची गरज नसते. आमच्या कव्हर फॅक्टरचे उदाहरण घ्या. धाग्यांसाठी एन आणि काउंटसाठी सी अशी अक्षरे धरली आहेत. आधी एन, मग भागाकाराची तिरकी रेघ, मग उलटी तिरकी रेघ आणि तिला लागून एस, क्यू, आर, टी ही चार अक्षरे लिहून स्पेस दाबली की त्या चार अक्षरांच्या जागी वर्गमुळाचे चिन्ह येते. त्यापुढे कंसात सी लिहून स्पेस दाबली की कंस नाहीसा होऊन सी मुळाच्या छपराखाली जातो, आणि आणखी एकदा स्पेस दाबली की एन वर, मूळ खाली असा उभा अपूर्णांक तयार होतो. अक्षराच्या पायाशी १ लिहायचा असेल तर अक्षर, अधोरेघ, १ आणि स्पेस. घात लिहायचा असेल तर अधोरेघेऐवजी टोपी. सूत्र पूर्ण झाल्यावर उजव्या बाणाने कर्सर समीकरणातून बाहेर काढावा, कीबोर्ड पुन्हा मराठीवर आणावा आणि वाक्य पुढे लिहावे. बाण न दाबता लिहीत गेलात तर पुढचे मराठी शब्दही समीकरणाच्या आतच जातात, आणि तिथे शब्दांमधल्या स्पेस गिळल्या जातात. एकक, ‘धागे’, ‘इंच’, ‘म्हणून’ असे मराठी शब्द समीकरणाबाहेरच ठेवावेत, असा माझा स्वतःपुरता नियम आहे. तो पाळल्यापासून जोडाक्षरांची वा फॉन्टची कुरकुर राहिलेली नाही.

‘इक्वेशन’चे बटण करड्या रंगाचे, निष्क्रिय दिसत असेल तर फाइल जुन्या पीपीटी स्वरूपात उघडलेली असण्याची शक्यता मोठी असते. शीर्षपट्टीवर ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असे लिहिलेले दिसेल. फाइल पीपीटीएक्स स्वरूपात वेगळ्या नावाने जतन करून पुन्हा उघडावी. हीच गोष्ट उलट्या दिशेनेही लक्षात ठेवावी: वाक्यात नीट बसवलेली सूत्रे असलेली फाइल कोणाच्या सांगण्यावरून पीपीटीत जतन केली, तर सूत्रांची चित्रे होतात आणि दुरुस्तीची वाट बंद होते. मूळ प्रत हाताशी असू द्यावी.

सूत्र वाक्यात आले, आता दिसत नाही

वाक्यात आलेले सूत्र मजकुराबरोबर राहते खरे, पण ते आक्रसते. समीकरण परिच्छेदात एकटे असेल तर ते मध्यभागी आणि ऐसपैस मांडले जाते. त्याच ओळीत शब्द आले की प्रोग्रॅम ते ओळीच्या उंचीत बसवण्यासाठी अपूर्णांकातील अंश आणि छेद लहान करतो, आणि बेरजेच्या चिन्हाच्या वरखालच्या सीमा चिन्हाच्या बाजूला नेऊन ठेवतो. हा बिघाड नसून छपाईतली जुनी रीत आहे, पुस्तकात ती शोभतेही. पण चोवीस आकाराच्या मजकुरात अंश-छेद साधारण पाऊणपट होतात, आणि मग शेवटच्या बाकावरच्याला छेदातले वर्गमूळ आणि नुसता सी यांतला फरक कळत नाही. आमच्या सूत्रात हा फरक उत्तर बदलतो: मूळ धरले तर ४० भागिले ४ म्हणजे १०, न धरले तर ४० भागिले १६ म्हणजे अडीच.

यावर मला रुचलेला उपाय असा, की वाक्यातला अपूर्णांक उभा न ठेवता आडवा करावा. ‘इक्वेशन’ टॅबवरील ‘फ्रॅक्शन’मध्ये उभ्या मांडणीखेरीज तिरकी आणि एका ओळीतली अशा मांडण्या आहेत; एका ओळीतल्या मांडणीत अंश, रेघ आणि छेद पूर्ण आकारात शेजारी शेजारी राहतात. सूत्र त्याहून गुंतागुंतीचे असेल तर ते वाक्यात ठेवण्याचा हट्टच सोडावा. ताणा आणि बाणा (आडवे धागे) या दोहोंचा मिळून कापडाचा कव्हर फॅक्टर काढताना दोन्हींची बेरीज करून तीतून दोन्हींच्या गुणाकाराचा अठ्ठाविसावा भाग वजा करतात. ताण्याचा १२ आणि बाण्याचा १० असेल तर २२ वजा १२० भागिले २८, म्हणजे सुमारे १७.७. हे सूत्र मी त्याच टेक्स्ट बॉक्समध्ये, पण स्वतःच्या वेगळ्या परिच्छेदात ठेवतो. ते मोठे दिसते, मध्यभागी येते, आणि तरीही वरच्या मजकुराला बांधलेले राहते. वरचे वाक्य दोन ओळींचे तीन ओळींचे झाले तरी सूत्र निमूटपणे खाली सरकते. सूत्र वाक्यानंतर वेगळ्या क्लिकने पडद्यावर यावे म्हणून काही जण ते मुद्दाम तरंगते ठेवतात. त्यांनाही हाच मार्ग सुचवेन, कारण ॲनिमेशन परिच्छेदवार लावता येते.

दुसरी तक्रार ओळींच्या अंतराची असते. उभा अपूर्णांक किंवा मोठे मूळ आलेली ओळ बाकीच्या ओळींपेक्षा उंच होते आणि परिच्छेद गचका बसल्यासारखा दिसतो. तो गचका घालवण्यासाठी ओळींचे अंतर ‘एक्झॅक्टली’ करून ठरावीक पॉइंटांत बांधले, तर ओळ वाढायची थांबते पण अंश वरच्या ओळीच्या उकारांत घुसतो. आपल्या लिपीत वर रफार, वेलांटी, मात्रा आणि खाली उकार, ऋकार असल्याने ओळींमधली मोकळी जागा मुळातच कमी असते. अंतर ‘मल्टिपल’ ठेवून १.१ किंवा १.२ करावे आणि अपूर्णांक आडवा करावा. दोन्ही मिळून परिच्छेद सपाट दिसतो.

नुसता वर्ग किंवा घन लिहायचा असेल, उदाहरणार्थ चौरस मीटरचे एकक, तर समीकरण उघडण्याचीही गरज नाही. पॉवरपॉइंटमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबले की पुढचा अंक डोक्यावर जातो. मात्र एकाच चलाचे अक्षर एका ठिकाणी समीकरणातले तिरपे आणि दुसऱ्या ठिकाणी मजकुरातले उभे, असे होऊ देऊ नये. विद्यार्थी त्यांना दोन वेगळी चले समजतात.

पॉवरपॉइंटबाहेर

गुगल स्लाइड्समध्ये समीकरण लिहिण्याची अंगभूत सोय नाही, ती गुगल डॉक्समध्ये आहे. त्यामुळे तिथे सूत्र बहुधा चित्र म्हणूनच येते आणि तरंगतेच राहते. वाक्यात काही लिहायचे तर कंट्रोल आणि पूर्णविरामाने घात, कंट्रोल आणि स्वल्पविरामाने पायाचा अंक, आणि मूळ, गुणिले, भागिले यांची युनिकोड चिन्हे एवढ्यावर भागवावे, बाकीची सूत्रे स्वतंत्र ओळीत चित्र म्हणून द्यावीत. लिबरऑफिस इम्प्रेसमध्येही सूत्र ही वेगळी वस्तू असते, ती अक्षरासारखी ओळीत गुंफता येत नाही.

पॉवरपॉइंटची फाइल दुसऱ्या किंवा फार जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावर कधी कधी सूत्र असलेल्या टेक्स्ट बॉक्सचा सगळा मजकूरच चित्र झालेला दिसतो, त्यातला शब्दही बदलता येत नाही. फाइल खराब झाली असे समजून घाबरू नये. समीकरण न समजणाऱ्या प्रोग्रॅमसाठी पॉवरपॉइंट त्या पूर्ण चौकटीचे एक पर्यायी चित्र फाइलमध्ये ठेवतो, तेच आपल्याला दिसत असते. त्या प्रोग्रॅममधून फाइल जतन न करता बाहेर पडावे.

लाटेक या आज्ञा लिहून मजकूर जुळवण्याच्या प्रणालीतील बीमर (स्लाइड बनवण्याचे साधन) वापरणाऱ्यांना हा तरंगण्याचा त्रासच नाही, कारण दोन डॉलर चिन्हांमध्ये लिहिलेले सूत्र जन्मतःच वाक्यातले असते. त्यांची अडचण निराळी: झीलाटेकमध्ये (लाटेकच्या युनिकोड जाणणाऱ्या आवृत्तीत) डॉलर चिन्हांच्या आत मराठी अक्षर लिहिले तर काम न थांबता ते पीडीएफमधून नाहीसे होते, आणि त्याची नोंद लॉग फाइलमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ म्हणून सापडते. गणिताच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते, म्हणून असे होते. मजकुरासाठी देवनागरी फॉन्ट नेमावा आणि सूत्रातला मराठी शब्द ‘टेक्स्ट’ या आज्ञेच्या कंसात लिहावा.

फाइल दुसऱ्या संगणकावर नेताना

सूत्र वाक्यात आल्यावर फॉन्ट बदलल्याने ओळ कुठेही तुटली तरी अर्थ बिघडत नाही, पण चौथी ओळ पाचवी होऊन चौकटीबाहेर जाऊ शकते. त्यासाठी ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या मार्गाने जाऊन फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याची खूण करावी, आणि सर्व अक्षरे अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे तिकडे बसून एखादा शब्द दुरुस्त करायचा झाला तरी फॉन्ट साथ देईल. फाइल जड होते, हे खरे. ज्या फॉन्टचा परवाना अंतर्भूत करण्यास मुभा देत नाही तो येणार नाही, म्हणून नवी स्लाइड करताना मी आता सरळ निर्मला यूआयच वापरतो. शेजारी त्याच नावाची पीडीएफ प्रतही पेन ड्राइव्हवर ठेवतो. तिच्यात ॲनिमेशन नसते, त्यामुळे ज्या स्लाइडवर उत्तर नंतर दाखवायचे आहे तिच्या दोन स्लाइड करून, पहिलीत प्रश्न आणि दुसरीत प्रश्नासह उत्तर ठेवून, मगच पीडीएफ काढावी.